सनद कोण देतं, सनद कोण काढून घेतं



अत्याचाराची केस असो, जमिनीची असो, नाहीतर गिरणीतल्या भरपाईची. आपला माणूस वकिलाशिवाय कोर्टाची पायरी चढत नाही. घरातलं किडूकमिडूक विकून तो वकिलाची फी भरतो. पण त्या वकिलावर नजर कोण ठेवतं? त्याला सनद कोण देतं, आणि तो वाकडा वागला तर ती कोण काढून घेतं? आमच्या सूतगिरणीतल्या पोरांना मी हे विचारलं. कुणी म्हणालं जज्ज, कुणी म्हणालं सरकार. दोन्ही खरं नाही. वकिलांवर वकिलांचीच कमिटी बसते. मी काही कायद्याच्या कॉलेजात गेलेलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे समजून घेतलं ते मांडतोय.

इंग्रजांच्या राज्यात ही सत्ता न्यायाधीशांच्या हातात होती. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टनं वकील-मुखत्यारांवर कोर्टाचा लगाम ठेवला. मग १९२६ चा बार कौन्सिल्स अ‍ॅक्ट आला. कौन्सिलात पंधरा माणसं : एक अ‍ॅडव्होकेट जनरल, चार हायकोर्टानं नेमलेले, दहा वकिलांनी निवडलेले. वकिलाची चौकशी यातल्या किमान तिघांपुढं व्हायची, पण ते तिघं निवडायचे चीफ जस्टिसनी आणि शिक्षा ठरवायची हायकोर्टानं. म्हंजे कौन्सिल नावाला, चाबूक साहेबाकडं.

आणि दारातून आत कोण येऊ शकत होतं? १९१६ साली कायद्याची पदवी घेतलेल्या एका बाईला कलकत्ता हायकोर्टानं वकिली नाकारली, कारण ती बाई. स्त्रियांना सनदेचा हक्क देणारा कायदा १९२३ साली झाला. त्याच १९२३ साली बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली. आदल्याच वर्षी ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले होते. एवढा शिकलेला माणूस, पण सनदेपुरते पैसे खिशात नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं ते दिले तेव्हा सनद निघाली. पुढं हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला बॅरिस्टरला केस सॉलिसिटरकडून यायची, आणि सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरच्या दारात येईनात. तरी १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' पुस्तकाच्या बदनामी खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांची बाजू लढवली आणि जिंकली. लायकी कधीच कमी नव्हती. अडवणूक दारात होती. दाराचा एक अडसर पैशाचा, दुसरा जातीचा.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया बार कमिटी नेमली गेली. १९५३ साली तिचा अहवाल आला आणि १९६१ साली अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट झाला. आता राज्याची बार कौन्सिल वकिलांनी मतदान करून निवडायची. सनद तिनं द्यायची, चौकशी तिच्या शिस्त समितीनं करायची. मला हे तत्त्व पटतं. सरकारविरुद्ध उभा राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारच्या मुठीत असली तर आपली केस कोण घेणार?

पण समितीची बैठक नीट बघा. तीन जण. दोन कौन्सिलचे निवडून दिलेले सभासद, तिसरा कौन्सिलबाहेरचा, पण तोही वकीलच, निदान दहा वर्षं वकिली केलेला. हे तिघं तक्रार फेटाळू शकतात, समज देऊ शकतात, सनद काही काळ थांबवू शकतात, नाहीतर पटावरून नावच काढून टाकू शकतात. त्यावर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं अपील, तिथून साठ दिवसांत सुप्रीम कोर्टात. या सगळ्यात पक्षकाराची खुर्ची कुठाय? नाही. अनुसूचित जातींसाठी कायद्यात एक जागा राखीव आहे का? तीही नाही.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. एस्प्लनेड पोलीस कोर्टाच्या दारात वकील पक्षकारांवर धावून जातात, कामं ओढतात, असा आरोप होता. १९६४ साली सोळा वकिलांचं प्रकरण महाराष्ट्राच्या शिस्त समितीकडं गेलं. निकाल लागला १९७३ साली : दोषी धरलेल्यांची सनद तीन वर्षं बंद. दिल्लीच्या समितीनं तो निकाल उलटवला. राज्याची कौन्सिल सुप्रीम कोर्टात गेली. १९७५ साली सात न्यायाधीशांनी सांगितलं की कौन्सिललाही अपिलाचा हक्क आहे, कारण तिनं लोकांचं हित बघायचं असतं. त्याच वर्षी कोर्टानं असं पक्षकार ओढणं हे गैरवर्तनच ठरवलं. अकरा वर्षं गेली. आणि मूळ तक्रार कुणाची? हायकोर्टाकडून आलेली. ज्यांना दारात ओढलं गेलं, ते पोलीस कोर्टात येणारे गरीब लोक, त्यांची नव्हे.

हे आजही तसंच चालतं. आमच्या रिंग खात्यातल्या एका बाईचं बोट यंत्रात गेलं. भरपाईच्या केसला तिचा वकील लागोपाठ चार तारखांना आलाच नाही. फी मात्र आधीच घेतलेली. वकिलाविरुद्ध लेखी तक्रार करता येते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कायद्यात ते १९६१ पासून लिहिलेलं आहे. राज्याच्या कौन्सिलनं वर्षात निकाल दिला नाही तर तक्रार वरच्या कौन्सिलकडं जाते, हेही १९७३ पासून लिहिलेलं आहे. लिहिलेलं आपल्या वस्तीपर्यंत पोचत नाही, हेच दुखणं.

आता दाराकडं परत या. सनदेच्या नोंदणीची फी कायद्यात ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. कौन्सिलं घेत होत्या पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं हे बेकायदा ठरवलं आणि या पैशाचा मार मागे ठेवलेल्या समाजांना जास्त बसतो, हेही नोंदवलं. आधी घेतलेले पैसे मात्र परत द्यायचे नाहीत. भथेनांनी बाबासाहेबांना हात दिला त्याला तेव्हा एकशे एक वर्षं झाली होती. ज्या पोरांना भथेना भेटला नाही, ती कुठं गेली असतील याचा हिशेब कुणाच्या दप्तरात नाही.

आपण ज्यांच्याकडून ही वकिली उचलली, त्या इंग्लंडात २००७ च्या कायद्यानं वकिलीवर देखरेख करणारं मंडळ नेमलं, आणि त्यात बहुसंख्य माणसं वकील नसलेली हवीत, अध्यक्षसुद्धा वकील नसावा, असं लिहून ठेवलं. तिथं जमतं ते इथं का जमू नये?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. एलएल. बी. झालात तर नुसता कोट घालून थांबू नका. पटावर नाव घाला. कौन्सिलच्या निवडणुकीत मत द्या, उभे राहा. समितीवर बसणं म्हणजे मानाची खुर्ची नव्हे. फायली वाचणं, साक्षी घेणं, आणि आपल्याच धंद्यातल्या माणसाला 'तू चुकलास' असं तोंडावर सांगणं. ते काम आपल्या माणसानं केलं पाहिजे, आणि आपला वकील चुकला तर त्यालाही सोडता कामा नये. जे वकील नाहीत त्यांनी वस्तीत बसून तक्रारी लिहून द्याव्यात : तारीख, फीची पावती, वकीलपत्राची नक्कल, सगळं जोडून. आणि शिस्त समितीत पक्षकाराची खुर्ची हवी, ही मागणी प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात घाला.

सनद हा कागद आहे. तो कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातो, यावर आपला न्याय ठरतो.

जयभीम.