एका खोलीतले दोन धर्म

वरळीच्या बीडीडी चाळीतील आमच्या दहा बाय सोळाच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. तीत आजोबांचा गिरणीचा पास, रेशनकार्ड आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले असत. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' अशी नोंद आहे. पाठच्या आत्याच्या दाखल्यावर 'बौद्ध'. आईबाप एक, खोली एक आणि धर्म मात्र दोन!

आजोबांनी ७ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी, दादरच्या चौपाटीवर दीक्षा घेतली होती. वडिलांचे नाव शाळेत घातले तेव्हा मास्तरांनी न विचारताच जुनी जात लिहिली. आत्याच्या वेळी आजोबा खाडा करून गेले आणि 'बौद्ध' लिहून घेऊनच परतले. या स्वाभिमानाची किंमत कायद्याने कशी वसूल केली, हा आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा अध्याय आहे.

१९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन प्रकरणात मद्रासमधील कॉलेज-प्रवेशाची जातवार वाटणी रद्द ठरवली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ (४) आले. मागासवर्ग व अनुसूचित जाती-जमातींसाठी खास तरतूद करण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. पण अनुसूचित जातीचा कोण, हे १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरत होते. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्यांना (काही शीख जाती वगळता) बाहेर ठेवले. १९५६ साली सर्व अनुसूचित शिखांना त्यात घेतले गेले. बौद्ध बाहेरच राहिले.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० साली, राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या सवलती लागू केल्या. त्यामुळे आमच्या पिढ्यांना शाळा-कॉलेजची दारे उघडी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. केंद्राचे दार मात्र बंद होते. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जाहीरपणे बौद्ध झालेला माणूस हिंदू राहत नाही, म्हणून तो विधानसभेची राखीव जागा लढवू शकत नाही. धर्मांतर खरे आहे, हे न्यायालयाने मान्य केले. आणि ते मान्य केल्याची शिक्षाही दिली.

आत्या मॅट्रिक झाली. केंद्राच्या एका कचेरीत राखीव जागेसाठी अर्ज घेऊन गेली. खिडकीवरच्या कारकुनाने दाखला पाहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही यात बसत नाही." वडील बसत होते, आत्या बसत नव्हती. ती पुढे शिकली नाही. घरात पदवी आली ती माझ्या रूपाने, एक पिढी उशिरा.

कायद्याचा युक्तिवाद असा, की बौद्ध धर्मात जात नाही, सबब बौद्धाला जातीचा जाच नाही. या युक्तिवादाची परीक्षा आमच्याच चाळीत झाली. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली. १० जानेवारीला परळला मोर्चावर झालेल्या हल्ल्यात भागवत जाधव मारले गेले. दगड मारणाऱ्यांनी कोणाचा दाखला तपासला होता? त्यांना बौद्ध म्हणजे कोण, हे पक्के ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त कायद्याला.

ही चूक दुरुस्त व्हायला १९९० साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने बौद्धांचा आदेशात समावेश झाला. दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी!

आज मी कॉलेजात शिकवतो. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या कायद्याने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे आणि पुरावा १९५० पूर्वीचा मागितला जातो. माझ्या पडताळणीच्या वेळी आजोबांच्या कोकणातल्या गावच्या शाळेतली दुसरीची नोंद शोधावी लागली. जे नाव त्यांनी चौपाटीवर टाकून दिले, तेच नातवाला हक्कासाठी पुन्हा उचलावे लागले.

माझे विद्यार्थी अजून 'सवलत मिळते' असे म्हणतात. मी त्यांना आत्याची गोष्ट सांगतो. सवलत देणाऱ्याची मर्जी असते; हक्काला इतिहास असतो. चाळ पाडून टॉवर उभे राहत आहेत. नव्या घरात जाताना भांडीकुंडी मागे राहिली तरी चालेल. पत्र्याची पेटी तेवढी सोबत न्या.