उंसावरील तांबेरा आणि को. ४७५



गव्हावरील तांबेरा शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु हीच व्याधि उंसास जडून एका चांगल्या जातीस शेतांतून घालवून देईल, हें १९४९ पर्यंत दक्षिणेंतील बागाईतदारांच्या फारसें ध्यानीं आलें नव्हतें.

केडगांवाहून उत्तरेस श्रीरामपूरकडे गेलें कीं प्रवरेच्या पाटाचा मुलूख लागतो. हरेगांव व टिळकनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले आणि गुऱ्हाळाच्या पुंड्या उंसाचे दिवस सरले. पुंड्या गोड खरा, पण नाजूक. त्याच्या जागीं जावा बेटांतील पी. ओ. जे. २८७८ आला आणि मागाहून कोइमतूरचे ‘को.’ वाण आले.

कोइमतूरचें ऊंस-पैदास केंद्र १९१२ चें. तेथें बार्बर व वेंकटरामन् यांनीं गोड उंसाचा संकर नदीकाठच्या काश नांवाच्या रानगवताशीं घडविला. १९१८ चा को. २०५ हें त्याचें पहिलें मोठें फळ. काशांत साखर नाहींच म्हटलें तरी चालेल. पण त्याच्या अंगीं कणखरपणा आहे. खानदानी घराण्यानें रानांतली सून आणावी, तसाच हा प्रकार! संतति पुनः पुनः गोड उंसाशीं मिळवीत गेलें म्हणजे कणखरपणा टिकून गोडी परत येते.

को. ४७५ हा कोइमतूरचाच. मुंबई इलाख्यांत तो पसरत असतां १९४९ च्या सुमारास त्याच्या पानांवर तांबेरा पडला. या रोगांत प्रथम बारीक पिंवळे ठिपके दिसतात. ते लांबट होऊन फुटतात आणि तपकिरी भुकटी बोटांस लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचीं बीजें; वारा तीं दूरवर नेतो. पानच करपलें तर साखर कोठून व्हावी? आणि डोक्याहून उंच उंसांत औषध तरी कसें मारावें? त्यांतून ऊंस लावतात तो कांड्यांनीं. म्हणून एका जातीचीं हजारों एकर शेतें म्हणजे वस्तुतः एकच झाड होय. एकास बाधलें तें सर्वांस बाधतें. को. ४७५ मागें पडला. पुढें पाडेगांव संशोधन केंद्राच्या शिफारशीनें को. ७४० नें दीर्घकाळ राज्य केलें.

१९७८ सालीं क्यूबांत बी. ४३६२ या जातीची हीच गत झाली. १९९६ त रीयुनियन बेटावरील आर. ५७० या जातींत प्रतिकाराचा एक प्रबळ जनुक आढळला. त्यास ‘ब्रू १’ म्हणतात. परंतु जगांतील बहुतेक प्रतिकारक्षम जाती याच एका जनुकावर विसंबून असल्याचें पुढें दिसून आलें. एकाच खांबावरचा हा मांडव मला तरी निर्धोक वाटत नाहीं.

निराळे खांब शोधावयाचे तर संकर हवेत, आणि संकरास तुरा हवा. सह्याद्रींत आंबोली येथें उंसास तुरे चांगले येतात. म्हणून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनें तेथें संकराचें केंद्र चालविलें आहे. तुऱ्याच्या बियांतून उगवलेलें प्रत्येक रोप निराळें निघतें. हजारों रोपांतून एखादेंच शेतकऱ्याच्या हातीं देण्याजोगें ठरतें, आणि त्यास दहा-बारा वर्षें लागतात.