ओट्याची उंची

"ओटा किती धरू वहिनी, चौतीस का छत्तीस?" गवंडीकाकांनी विचारलं. इंच, अर्थात. आईनं आधी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला काय विचारता? सगळ्यांचा असतो तेवढा करा."

आमचं घर राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत आहे. तालुका वेल्हे, २०२४ मध्ये सरकारनं त्याचं नावही राजगड करायचं ठरवलं, पण एसटीत चढताना सगळे अजून वेल्हेच म्हणतात. गेल्या आषाढात पहाटे चारला, भर पावसात, परसातल्या संडासाकडे जाताना आई घसरली आणि डावं मनगट मोडलं. गुडघे आधीच गेलेले. प्लास्टर निघेपर्यंत मी ठरवून टाकलं की संडास आणि न्हाणी घरात आणायची आणि त्याच खर्चात स्वयंपाकघरही सुधारायचं. खर्च म्हणजे नव्वद हजार. त्याच्या वर माझ्याकडे काही नव्हतं. पुण्यातल्या एका मॉड्युलर किचनवाल्यानं फक्त स्वयंपाकघराचे एक लाख ऐंशी हजार सांगितले होते, त्याला मी "कळवते" म्हणून फोन ठेवला.

मग इन्स्टावर 'बजेट मेकओव्हर'ची रीलं बघत बसले. तीस सेकंदांत जुनी मोरी नाहीशी होते आणि पांढरी टाइल उगवते. आमची मोरी तीस सेकंदांत गेली नाही. तिच्या पोटात तीन घरं निघाली.

वरचा थर पांढऱ्या टाइल्सचा, माझ्या दहावीच्या वर्षाचा. त्याखाली शहाबादी फरशी, आजोबांनी मुंबईच्या पैशातून टाकलेली. तिच्याखाली कोबा नाही, सिमेंट नाही, थेट चोपलेली माती, आणि कोपऱ्यात एक घासून गुळगुळीत झालेला काळा दगड. गवंडीकाका म्हणाले, "हा न्हाणीचा दगड. ह्याच्यावर बसून तुमच्या पणजीनं आंघोळी केल्यात." मी तो उचलायला गेले, हलला नाही.

त्या दगडाच्या काळातलं घर कसं होतं ते आजीकडून ऐकलेलं. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या बांधून त्यावर शेणमातीचं लिंपण. कारवी डोंगरात फुकट, माती फुकट, शेण गोठ्यातलं. पावसाळा संपला की भिंती लिंपायच्या, जमीन चोपायची, चूल नव्यानं घालायची. म्हणजे बजेट रिनोव्हेशन आमच्याकडे दरवर्षी व्हायचं आणि त्याला एक रुपया लागायचा नाही. पैसे लागायचे नाहीत, कारण आजी ते उकिडवं बसून करायची. न्हाणीचं पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जायचं. चुलीचा धूर आढ्याला जायचा. धुराला आपण आता नुसत्या शिव्या देतो, पण त्या धुरानं वाशांना कीड लागायची नाही, टांगलेलं बियाणं टिकायचं, आणि चार महिने कोसळणाऱ्या पावसात ओली लाकडं नि घोंगड्या वाळायच्या. घराला धूर मानवायचा. डोळे आजीचे जायचे.

चूल कुठे मांडायची हा प्रश्न तेव्हाही गंभीर होता. गवताची छपरं, कुडाच्या भिंती, एक ठिणगी पुरे. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. भलत्या जागी चुली मांडाल, दिवे तसेच ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं गवत जळेल, अशी त्यात ताकीद आहे. राज्य चालवणारा माणूस चुलीच्या जागेचा विचार करतो, हे मला तहांपेक्षा जास्त भावतं. पुढे १७१५ च्या सुमाराचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तर सांगतं की गडावरचा केर खाली टाकू नका, जागच्या जागी जाळा आणि राख परसात घालून भाजी पिकवा.

आणि आमच्या डोक्यावरच राजगड. स्वराज्याची जवळजवळ पाव शतक राजधानी. त्याच्या तटात शौचकूप आहेत. ट्रेकला आलेली पोरं तिथे फोटो काढतात आणि हसतात. मला हसू येत नाही, हिशेब सुचतो. गडावर सतराव्या शतकात आडोशाला बसायची सोय होती. खालच्या वाडीत माझ्या आईला लग्नानंतर कितीतरी वर्षं अंधाराची वाट बघावी लागली.

ह्याला फक्त गरिबी कारण नव्हती. आपल्याकडे स्वयंपाकघर हे घरातलं सगळ्यात सोवळं ठिकाण आणि संडास सगळ्यात ओवळं. दोन्ही जितकी लांब तितकं बरं. 'परसाकडे जाणं' हा शब्दच बघा, जागेचं नाव कामाला लागलं. शहरांतल्या वाड्यांत जागा नव्हती तेव्हा टोपलीचे संडास आले, आणि टोपली कुणी उचलायची हे जातीनं ठरवलं. ती प्रथा बंद करणारा कायदा १९९३ मध्ये आला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. खेड्यात टोपली नव्हती, कारण शेत होतं. वाट्याला आला तो फक्त अंधार, तोही बायकांच्या.

ही गाठ सोडवणारी माणसं आपल्याकडेच होऊन गेली. कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वस्त, वास न येणारा, कुणालाही हातानं मैला उचलावा न लागणारा संडास घडवला. आपल्याच जिल्ह्यात देहूला १९५९ मध्ये डॉ. मापुसकर सरकारी दवाखान्यात आले. त्यांनी उत्साहानं बांधलेले पहिले संडास पावसाळ्यात कोसळले आणि गावानं पाठ फिरवली. ते निघून गेले नाहीत. अप्पासाहेबांकडून शिकले, संडासाला गोबरगॅस जोडला, आणि पुढची कितीतरी वर्षं एकाच गावात हेच काम करत राहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संडासासाठी पद्मश्री! मला तर ते एखाद्या किल्ल्याएवढं मोठं काम वाटतं.

मग २००० मध्ये गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं, गुड मॉर्निंग पथकं आली, २०१४ नंतर स्वच्छ भारतचे बारा हजार आले. आमचा परसातला संडास त्याच बारा हजारांत कसाबसा उभा राहिलेला. एकच खड्डा. खाली मुरूम आणि कातळ, वर वेल्ह्याचा पाऊस. श्रावणात खड्डा तुडुंब भरायचा आणि आई पुन्हा अंधाराची वाट बघायची. कागदावर आम्ही हागणदारीमुक्त होतो.

पाण्याची गोष्ट अशीच. भोर आणि वेल्हे म्हणजे धरणांचे तालुके. भाटघरचं धरण इंग्रजांच्या काळातलं, त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला जातं. पानशेत १९६१ साली १२ जुलैला फुटलं, ते पुण्यात घुसलं म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. एवढं पाणी अडवणाऱ्या डोंगरात बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरतात. घरोघरी नळाची जलजीवन योजना २०१९ ची. म्हणजे मोरीत तोटी बसवण्याचा विचार करणारी आमच्या घरातली पहिली पिढी माझी.

ओटा मात्र आधी आला. आजोबा मुंबईत गिरणीत होते. चाळीच्या एका खोलीत मोरी, चूल, झोप सगळं दहा बाय बाराच्या आत. रॉकेलचा स्टोव्ह जमिनीवर ठेवला तर पोरं कुठे झोपणार, म्हणून तो फळीवर चढला, आणि बायका उभ्यानं रांधायला लागल्या. सुट्टीत आजोबांनी ती सवय गावी आणली आणि शहाबादीचा ओटा बांधला. आजीनं त्यावर हंडे रचले. स्वयंपाक खालीच केला, मरेपर्यंत.

उभ्या स्वयंपाकघराचा जगातला गाजलेला नमुना म्हणजे १९२६ चं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या स्वस्त घरांसाठी ते आखलं. रेल्वेच्या डब्यातली मुदपाकखान्याची अरुंद खोली डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी बाईची पावलं मोजली. अशी हजारो स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे तोवर आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगून टाकलं. तरी निदान पावलं मोजली. आमच्याकडे ओट्याची उंची कुणी मोजलीच नाही. आली तशी घेतली.

तर आमचा हिशेब. गवंड्याची हजेरी नऊशे, बिगाऱ्याची सहाशे. परसात दुसरा खड्डा, विहिरीपासून लांब आणि जमिनीपेक्षा दोन फूट उंच बांधून काढलेला, म्हणजे एक भरला की दुसरा सुरू, आणि पहिल्यातलं वर्ष-दोन वर्षांत खत. त्यालाच सगळ्यात जास्त पैसे गेले आणि तो कुठल्याच फोटोत येणार नाही. आत कमोड, कारण गुडघे. उकिडव्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, कमोडला त्याहून बरंच जास्त लागतं, ह्यावरून नाना दोन दिवस बोलत होते. आंघोळीचं पाणी बादलीत धरून तेच कमोडला वापरायचं ठरलं तेव्हा गप्प झाले. टाइल्स नसरापूरच्या एका दुकानातल्या, उरलेल्या खोक्यांतल्या, तीन भिंतींना तीन रंग. ओट्याला ग्रॅनाइट नाही, कडप्पा. निघालेली शहाबादी फरशी मागच्या पडवीत, आणि तिथेच आईची चूल.

हो, चूल राहिली. मी मोडायला निघाले होते. आई म्हणाली, "गॅसवर भाकरी होते गं, पण चार जण आले, सिलिंडर संपला, पाणी तापवायचं असलं की काय करू? उघड्यावर राहू दे, धूर जाईल निघून." काही वर्षांपूर्वी आमच्याकडे धुराड्याची सुधारित चूलही होती. कौलातून काढलेल्या भोकातून पाणी गळायला लागलं म्हणून नानांनीच ते बुजवलं होतं. पडवीला भिंतच नाही, म्हणून धुराड्याचा प्रश्नच मिटला.

संडास स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून येणार हे कळल्यावर एक चुलती बोलली, "देवाच्या खोलीशेजारी?" आई नुसती मनगटाकडे बघत राहिली.

राहिला ओटा. मी आईला भिंतीशी उभं केलं, कोपरात हात वाकवायला लावला आणि टेप धरली. कोपर जमिनीपासून छत्तीस इंच. कणीक तिंबायला हात खाली जायला हवा, म्हणून पाच वजा. एकतीस. गवंडीकाका म्हणाले, "बुटका दिसंल, वहिनी." आईनं पेन्सिल घेतली आणि भिंतीवर रेघ स्वतः ओढली, थोडी तिरकी.

नाना पाच फूट सात इंच आहेत. रोज सकाळी चहा ठेवताना वाकतात आणि कुरकुरतात.