ऐकू येतंय का?

परवा माळा आवरताना एक काळं खोकं सापडलं. तळहाताएवढं, पुढे तीन दिवे, मागे अजून फोनची वायर लोंबतेय. भाचा म्हणाला, "मामा, टाकून देऊ?" मी नको म्हटलं. त्याला खोक्याची गोष्ट सांगायला बसलो आणि मागे मागे जात पार १९६५ पर्यंत पोचलो. म्हटलं लिहूनच ठेवू. (मावशी, तू वाचतेस हे माहीत आहे. मधलं तांत्रिक कंटाळवाणं वाटलं तर सोड, पण पुढचं वाच. तुझ्या बहिणीबद्दल आहे.)

२००६ पासून काही वर्षं मी न्यू जर्सीत एका लहानशा कंपनीत होतो. काम काय, तर इंटरनेटवरून होणाऱ्या फोनचा दर्जा मोजायचा. ठिकठिकाणी अशी खोकी बसवलेली. ती एकमेकांना चाचणीचे फोन करत, खऱ्या फोनवरही नजर ठेवत आणि आकडे आमच्याकडे पाठवत. गिऱ्हाईक सकाळी चहा घेता घेता आमचं पान उघडणार, सगळं हिरवं दिसलं की खूश. ते पान चालतं ठेवणं हे माझं काम. रात्री-अपरात्री उठून सुद्धा!

मोजणं तसं अवघड नाही. आवाजाचे बारीक तुकडे होतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकावर क्रमांक आणि वेळ. क्रमांक गळला की तुकडा हरवला, मागेपुढे वेळेला आला की चाल बिघडली. एखादा चांगला कारकूनही हे करील. अवघड प्रश्न पुढचा. यातलं किती माणसाला खुपतं?

जुन्या टेलिफोनवाल्यांनी याचं सरळ उत्तर काढलं होतं. माणसांनाच विचारायचं. शांत खोलीत बसवायचं, ठरलेली वाक्यं ऐकवायची आणि पाचपैकी गुण मागायचे. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे वाईट. त्यांची सरासरी म्हणजे एमओएस, आमच्या धंद्याचा देव. इंग्रजीत या कामासाठी वापरतात ती 'हार्वर्ड वाक्यं', दहा-दहाच्या ७२ याद्या, १९६९ साली आयईईईने छापलेली. मराठीत कुणी केली असती तर 'फ' आणि 'स' वर नक्की गाडी अडली असती. जुना फोन ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापून टाकायचा, आणि 'स' ची ओळख बरीचशी तिथेच. म्हणून तर आपण फोनवर "फ फणसातला" असं ओरडायचो. (त्या फणसातही स आहेच, ते सोडा.)

पण दर फोनला माणसं कुठून आणणार? मग २००१ मध्ये पेस्क नावाची पद्धत प्रमाण झाली. मूळ आवाज आणि पलीकडे पोचलेला आवाज शेजारी ठेवायचे, फरक काढायचा आणि माणसांनी किती गुण दिले असते याचा अंदाज बांधायचा. फार हुशार काम आहे. मात्र दोन आवाज ताडून पाहायचे तर आधी ते एका रेषेत आणावे लागतात, म्हणजे मधला उशीर काढूनच टाकावा लागतो. आवाज अर्ध्या सेकंदाने आला तरी गुण तेवढेच. करणाऱ्यांनी हे लपवलं नव्हतं. विकणारे आम्ही मात्र ते मोठ्याने सांगत नव्हतो.

गंमत म्हणजे आमच्या आधीच्या पिढीला खरी धास्ती उशिराचीच होती. १९६५ मध्ये अर्ली बर्ड हा उपग्रह वर गेला, ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. शिवाय स्वतःचाच आवाज प्रतिध्वनी होऊन परत येणार. त्यावर आधी असा तोडगा होता की एक जण बोलत असला की दुसऱ्याचा आवाज दाबायचा. म्हणजे मध्येच "हो का!" म्हणायची सोय नाही. बेल लॅब्समध्ये प्रतिध्वनीच तेवढा वजा करायची युक्ती निघाली, त्यात १९६७ साली मोठा वाटा आपल्याकडे जन्मलेल्या मनमोहन सोंधींचा. १९७१ मध्ये नारायणगावाजवळ आर्वीला उपग्रह केंद्र सुरू झालं आणि तो पाव सेकंद आपल्याही घरात आला.

तुकड्यांनी आवाज पाठवणाऱ्यांनाही हे कळलं होतं. १९७४ च्या ऑगस्टमध्ये अर्पानेटवरून पहिल्यांदा बोलणं झालं, कॅलिफोर्नियातून थेट एमआयटीच्या लिंकन लॅबशी. त्या कामातले डॅनी कोहेन हट्टाने सांगत राहिले की हरवलेला तुकडा पुन्हा मागवत बसू नका. उशिरा आलेला शब्द काय कामाचा? पुढे इंटरनेटच्या रचनेत आवाजाला वेगळी वाट मिळाली त्यात या हट्टाचा हात आहे. कागदावरचा नियमही स्पष्ट होता. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत ठीक, ४०० च्या पुढे नको.

आता २००९. सांगलीच्या घरी मी हे खोकं बसवलं होतं. कंपनीला भारतातलं चाचणीचं ठिकाण मिळालं, मला आईशी फुकट बोलता येऊ लागलं. बाबांची बायपास मिरजेला ठरली त्या रात्री मी विचारलं, "आई, मी येऊ का?"

जरा शांतता. मग, "नको रे, कशाला एवढ्या लांबून. इथे सगळे आहेत."

मला वाटलं, विचार करून सांगतेय, खरंच नको असेल. मी "नक्की ना?" म्हणालो तेवढ्यात तीही काहीतरी बोलली, दोघांचे शब्द एकमेकांवर आपटले, दोघंही थांबलो. मग ती म्हणाली, "बरं, ठेवते." मी गेलो नाही. बाबा बरे झाले, पुढे सात वर्षं होते.

२०११ च्या दिवाळीत घरी गेलो होतो. चकल्या पाडता पाडता आई सहज बोलून गेली, "तेव्हा मी नको म्हटलं तर तू थांबलास. लगेच 'येतोच' म्हणाला असतास तर मी काय नाही म्हणणार होते?"

परत आल्यावर पहिलं काम केलं ते त्या फोनची नोंद काढायचं. चाचणीच्या खोक्यांच्या नोंदी आम्ही पुसत नसू. एमओएस ४.२, हिरवागार. आणि दूरच्या रकान्यात, जाऊन-येऊन ७८० मिलिसेकंद. दोन्हीकडच्या बफरची भर धरली की एका बाजूला ४०० च्या वर. २००३ च्या मानकात गुणाचे दोन आकडे होते, एक नुसत्या ऐकण्याचा, दुसरा संभाषणाचा, ज्यात उशीर धरतात. आम्हाला दोन्ही मिळत होते. पानावर आम्ही पहिला दाखवत होतो, कारण तो छान दिसायचा. तो निर्णय ज्या बैठकीत झाला तिथे मीही होतो आणि मान हलवली होती.

उशीर आला कुठून? आईकडेच शिकायला असलेला भाचा त्या वेळी खालच्या खोलीत सहलीचे फोटो चढवत होता. जिम गेटिस यांनी 'बफरब्लोट' हे नाव देऊन याबद्दल लिहायला सुरुवात केली होती ती त्याच सुमारास. घरच्या मोडेममध्ये रांगेला जागा इतकी मोठी की फोटोंमागे आईचे शब्द निमूट उभे राहिले. एकही हरवला नाही. हरवले असते तर लाल दिवा लागला असता. आणि उशीर एकाच दिशेला असला तरी थांबल्याचा भास दोघांनाही सारखाच होतो.

मग मी पान बदलायला घेतलं. संभाषणाचा आकडा पुढे आणला. सरासरीचंही तसंच. पाच मिनिटांच्या फोनमध्ये १ टक्का आवाज विखरून गेला तर कळतही नाही, सलग गेला तर तीन सेकंद. बरोबर ऑपरेशनची तारीख सांगताना गेला तर? म्हणून फोनमधले सर्वांत वाईट दहा सेकंद वेगळे दाखवले. वैतागून ठेवून मिनिटाभरात पुन्हा लावलेले फोनही मोजले, कारण खरे वाईट फोन आखूड असतात आणि नंतरचा चांगला फोन आमच्या हिशेबात जमेला जायचा. परिणाम? सगळ्यांचे आकडे एका रात्रीत घसरले. एका मोठ्या गिऱ्हाइकाने करार मोडला, "आमची सेवा काल चांगली होती" म्हणाला. साहेबांनी नवे रकाने एका टिचकीमागे लपवायला लावले. मी वाद घातला, हरलो, लपवले. काही गिऱ्हाइकांनी ते उघडून पाहिले, एवढं खरं.

२०१४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांचा एक लेख वाचनात आला. लाइनमधला उशीर लोक लाइनला नाही, पलीकडच्या माणसाच्या स्वभावाला चिकटवतात. तो अनुत्सुक वाटतो, लक्ष नसल्यासारखा.

हे सगळं मी आईला एकदा कागदावर रेघा ओढून समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तू थांबला नव्हतास?"

"नाही."

"आणि मीपण नाही." थोड्या वेळाने तिने कागदाची घडी घालून डब्याखाली ठेवली. "हे तेव्हाच विचारायला हवं होतंस की रे."

खोकं पुन्हा माळ्यावर ठेवलंय. भाच्याला फोटोंचं सांगितलं नाही. आता इथे वाचेल.