चाळीस बिटांचा वारसा

पिंपरी-चिंचवडचा इतिहास आपण कारखान्यांच्या नावांनी सांगतो: १९५४ची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६६पासूनची टेल्को, २००९मध्ये चाकणला सुरू झालेली फोक्सवॅगन. पण हा पट्टा उभा राहिला तो भोसरी, चिंचवड, चाकणच्या गाळ्यांत सुटे भाग घडवणाऱ्या सप्लायरांवर. मोठ्या कंपनीशी त्यांचं नातं मालाइतकंच कागदाचं आहे: ड्रॉइंग, डिलिव्हरी शेड्यूल, चलन. हा कागद सर्व्हरवरून ये-जा करू लागला, तेव्हा त्याच्या रक्षणाचे नियम मात्र इथे ठरले नाहीत. म्हणून एखाद्या सप्लायरच्या सर्व्हरवर जुने, कमकुवत सायफर, म्हणजे मजकूर गुप्त करण्याच्या पद्धती, चालू आढळले की तिथल्या सिस्टीम अॅडमिनला निष्काळजी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. सर्व्हरवर चालणाऱ्या सायफरांची यादी त्याला वारशाने मिळालेली असते.

सुरक्षित जोडणीची सुरुवात होते तेव्हा एक बाजू आपल्याला येणाऱ्या सायफरांची यादी पुढे करते आणि सर्व्हर त्यातला एक निवडतो. ही लवचीकता सोयीसाठी होती, पण तिच्यात राजकारणही शिरलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेने परदेशी जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर ४० बिटांच्या किल्लीची मर्यादा घातली होती, ती २०००मध्ये सैल झाली. आपल्याकडे इंटरनेट सेवेच्या परवान्यांतही परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतच मुभा होती, आणि २००१मध्ये रिझर्व्ह बँक मात्र इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट मागत होती. नियम बदलले तरी ते मुद्दाम दुबळे ठेवलेले सायफर याद्यांमधून हटले नाहीत. २०१५च्या ‘फ्रीक’ हल्ल्याने दाखवलं, की मध्ये बसलेला हल्लेखोर दोन्ही बाजूंना जुन्या निर्यात-दर्जाच्या किल्लीवर उतरवू शकतो. पंधरा वर्षांपूर्वी उठलेलं बंधन तोवर सर्व्हरांवर जिवंत होतं.

वाहन उद्योगाची गोष्ट याहून बोलकी आहे. युरोपीय वाहन कंपन्यांच्या ओडेट या संघटनेचा फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल २००७मध्ये नव्या रूपात आला, म्हणजे चाकणचा फोक्सवॅगन कारखाना सुरू होण्याच्या दोनच वर्षं आधी. फाइलच्या सुरक्षेसाठी त्यात दोन संच दिले होते, एकात थ्री-डेस हा सायफर, दुसऱ्यात एईएस-२५६, आणि दोन्हींत मजकुरात फेरफार झालेला नाही हे पडताळणारा शा-१. त्या वेळी ही निवड रास्त होती. पण २०१६मध्ये ‘स्वीट३२’ हल्ल्याने थ्री-डेसची मर्यादा दाखवली आणि २०१७मध्ये शा-१ प्रत्यक्षात फोडून दाखवला गेला. यंत्रं आणि करार वीस-वीस वर्षं चालतात, सायफरचं आयुष्य तेवढं नसतं.

यावर कुणी म्हणेल, सेटिंगमधल्या दोन ओळी काढल्या की झालं. ओळी काढता येतात, पण पलीकडचा सर्व्हर नवं बोलत नसेल तर शेड्यूल येणं थांबतं, आणि ती जोखीम पन्नास कामगारांच्या गाळ्याने एकट्याने का घ्यावी? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चोर सायफर फोडून येतात कुठे? ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले ते मालवेअर घुसवून आणि पैसे काढण्याच्या व्यवहारांना खोटे होकार पाठवून. हे मान्यच आहे. चांगला सायफर घुसखोरी थांबवत नाही, तो फक्त वाटेवरचा मजकूर राखतो. मात्र ड्रॉइंग सप्लायरच्या मालकीचं नसतं, ग्राहकाच्या विश्वासावर त्याच्याकडे आलेलं असतं, म्हणून वाट राखणं हेही त्याचं कर्तव्यच ठरतं. कॉसमॉसची चोरी झाली त्याच महिन्यात सुरक्षित जोडणीच्या टीएलएस या प्रोटोकॉलची १.३ ही आवृत्ती जाहीर झाली आणि सायफरांची शेकड्याने असलेली निवड पाच संचांवर आली. यादी लांब ठेवणं हाच धोका, हे खुद्द नियम लिहिणाऱ्यांनी मान्य केलं.

ही यादी आखूड करण्याची सुरुवात वरून व्हावी लागते. कार्ड उद्योगाने जुनं टीएलएस बंद करण्याची तारीख आधी जून २०१६ ठेवली, लोकांची तयारी नाही हे पाहून ती ३० जून २०१८पर्यंत लांबवली, आणि मग मात्र पाळायला लावली. चाकणच्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या सप्लायरांना अशीच तारीख द्यावी, आधी चाचणीसाठी आपला सर्व्हर खुला करावा, आणि बदलाचा खर्च भागाच्या दरात धरावा.