डॉक्टर ‘घरात बंदूक आहे का?’ असं का विचारतात? परवानाधारकांसाठी माहिती

भोर/वेल्हे : डोंगरपट्ट्यात रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करतात. त्यामुळे शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागितला जातो. पण बंदुकीचा विषय दवाखान्यात निघाला की माणूस बिचकतो. त्याबद्दलची ही माहिती.

परवान्यासाठी डॉक्टर कशाला?
शस्त्र अधिनियम १९५९ नुसार मानसिक आजारामुळे अपात्र असलेल्याला परवाना नाकारता येतो. शस्त्र नियम २०१६ नुसार अर्जासोबत नमुना एस-३ मधला वैद्यकीय दाखला लागतो. म्हणून डॉक्टर नजर, हात, झोप, दारू, आधीचा उपचार असं सगळं विचारतात. पुणे ग्रामीण भागाचा परवाना जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल पाहून देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली.

आजारपणात का विचारतात?
मन खचलेला, झोप उडालेला किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारा पेशंट आला, तर घरात हाताशी काय आहे हे डॉक्टरला माहीत असणं गरजेचं असतं. बंदूक असो की फवारणीचं औषध, प्रश्न एकाच कारणासाठी असतो. अशी वेळ बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात धोक्याची वस्तू लांब असली तर जीव वाचतो.

सांगितलं तर पोलिसांत जाईल का?
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम २३ नुसार पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावात होता असं धरलं जातं. सहसा शिक्षा होत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये डॉक्टरांच्या अशा प्रश्नांवर कायद्याने बंधन घातलं होतं. २०१७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते बंधन उठवलं.

घरच्यांनी काय करावं?
• बंदूक कुलपात, दारूगोळा वेगळ्या कुलपात. चावी पोरांच्या हाती नको. सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी परवाना घेताना दिलेलीच असते.
• घरात कुणी खचलं असेल तर बंदूक काही दिवस पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. परवाना नसलेल्या शेजाऱ्या-पाहुण्याकडे ठेवू नये, तो गुन्हा होतो.
• फवारणीची औषधंही कुलपातच ठेवावीत.
• परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकरासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. पीक नुकसानीचा अर्जही वन विभागाकडेच करावा.

मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत, २४ तास, मराठीतूनही बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.