रोमचे प्रजासत्ताक आधी कोणी मोडले?

निवडणूक जवळ आली की इथल्या वृत्तपत्रांना रोमची आठवण हमखास होते. कोणी एखाद्या पुढाऱ्याला सीझर ठरवतो, कोणी मतदारांना रोमच्या फुकट्या जमावाच्या पंक्तीत बसवतो. गोष्ट ठरलेली असते: पुढाऱ्यांनी लोकांना धान्याची आणि खेळांची चटक लावली व प्रजासत्ताक बुडाले. ज्या जुव्हेनल कवीच्या टोमण्यावरून ही समजूत रूढ झाली, तो मात्र प्रजासत्ताक संपल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी लिहीत होता. मूळ घटनाक्रम पाहिला तर चित्र बरेच वेगळे दिसते.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकस हा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य नागरिकांच्या रक्षणासाठी त्यांनीच निवडलेला अधिकारी होता. शेतकरी परमुलखात लढायांवर जातो, इकडे त्याची शेती बुडते आणि सरकारी जमिनी बड्या घराण्यांच्या वहिवाटीत जातात, ही त्याची तक्रार होती. त्याची मागणीही फारशी जहाल नव्हती. ५०० युगेरांपेक्षा, म्हणजे सुमारे ३०० एकरांपेक्षा जास्त सरकारी जमीन कोणी धरू नये हा नियम जुनाच होता. तो अमलात आणावा आणि जास्तीची जमीन गरिबांना वाटावी, एवढेच त्याचे म्हणणे. सीलिंगचा कायदा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. जमीनदारांनी ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूनला गाठून त्याच्याकरवी नकाराधिकार वापरवला. टायबेरियसने जनसभेत मतदान घेऊन ऑक्टेव्हियसलाच पदावरून दूर केले. हे रिवाजाला सोडून होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण टायबेरियस लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मुख्य पुरोहित स्किपिओ नासिका सिनेटरांचा घोळका घेऊन कॅपिटोलाइन टेकडीवर चालून गेला. सोटे आणि बाकांचे मोडलेले पाय घेऊन त्यांनी टायबेरियसला ठार केले. प्लुटार्क सांगतो की ३०० हून अधिक माणसे मेली आणि प्रेते टायबर नदीत फेकण्यात आली. गंमत अशी की जमीनवाटपाचे मंडळ त्यानंतरही काम करीत राहिले. म्हणजे कायदा अमलात येण्याजोगा होता. सिनेटला सहन झाला नाही तो तो करणारा माणूस.

बारा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गायस याचीही तीच गत झाली. या वेळी सिनेटने खास ठराव करून कॉन्सल ओपिमियसला मोकळे रान दिले. प्लुटार्कच्या मते ३,००० लोक मारले गेले, आणि मग ओपिमियसने चक्क ऐक्यदेवतेचे मंदिर बांधले!

पुढची उतरंड भराभर आहे. संगणकाच्या क्षेत्रात आम्ही अडचणीच्या वेळी ‘तात्पुरते’ ठिगळ लावतो आणि ते कायमचे होऊन बसते. तसा हा खास ठराव नित्याचा झाला. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला स्वतःचे सैन्य घेऊन रोममध्ये शिरला. सैनिक गेले कारण निवृत्तीनंतर जमीन मिळवून देणारा सेनापतीच होता; सिनेट त्यांना काही द्यायला तयार नव्हती. माझ्या मते प्रजासत्ताकाचा खरा घात इथे झाला. इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन ओलांडली ती या मळलेल्या वाटेवरूनच.

आता अमेरिकेकडे वळू. आज ‘पॉप्युलिझम’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण तो रूढ झाला तो १८९० च्या दशकातल्या इथल्या पीपल्स पार्टीमुळे. कर्ज आणि रेल्वेच्या भाड्याने गांजलेल्या शेतकऱ्यांचा हा पक्ष. १८९२ च्या ओमाहा अधिवेशनात त्यांनी चढत्या दराचा प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक मागितली. त्या काळी सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत. पक्षाच्या उमेदवाराला दहा लाखांवर मते मिळाली आणि काही वर्षांत पक्ष विरूनही गेला. पण १९१३ मध्ये सोळाव्या आणि सतराव्या घटनादुरुस्तीने या दोन्ही मागण्या मान्य झाल्या. सतराव्या दुरुस्तीला तर सिनेटनेच मंजुरी दिली, ज्यांची निवडपद्धत बदलणार होती त्या सिनेटने. रोमच्या सिनेटला हे कधी साधले नाही.

अर्थात आजच्या सगळ्याच लोकानुनयी चळवळींच्या मागण्या ग्राकससारख्या रास्त असतात असे नाही. शिवाय रोममध्ये प्रत्यक्ष हजर राहूनच मत देता येई, शहराला पोलीसदल नव्हते, आणि इथले सैन्य पेन्शनसाठी सेनापतीच्या तोंडाकडे पाहत नाही. म्हणूनच ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव कॅपिटॉलमध्ये (हे नावही त्या रोमन टेकडीवरूनच आलेले) घुसला तरी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत मतमोजणीचे काम पुरे झाले.

मला तुलना करावीशी वाटते ती त्यानंतरच्या गोष्टींची. नासिकावर खटला झाला नाही. त्याला कामगिरीच्या निमित्ताने आशियात धाडले आणि तो पर्गमम येथे वारला. ओपिमियसवर खटला झाला, पण तो निर्दोष सुटला. ६ जानेवारीच्या प्रकरणात हजाराहून अधिक जण दोषी ठरले. २० जानेवारी २०२५ रोजी, नव्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी, राष्ट्राध्यक्षांनी सुमारे १,५०० जणांना माफी दिली.